नरसिंहाचं डोकं

माघ सरत आला होता. सकाळची धार काढून केसरबाई चरवी घेऊन आत आली आणि न्हाणीच्या दगडापाशी जागच्या जागी थांबली. सुंदरराव खाली मांडी घालून बसले होते. पुढ्यात धुण्याचं मोठं घमेलं, घमेल्यात पाणी, आणि पाण्यात नरसिंहाचं डोकं. डोकं म्हणायचं ते आपलं सवयीनं. एक कान पाण्यावर तरंगत होता, आयाळीचा वाख घमेल्याच्या काठाला चिकटला होता आणि पिवळा रंग सुटून सगळं पाणी हळदीच्या अंघोळीसारखं झालं होतं. हातात उरलेला तुकडा सुंदरराव अंगठ्यांनी कुस्करत होते. घाई नव्हती. फार दिवस राहून गेलेलं काम एकदाचं हाती घ्यावं तसे निवांत बसले होते.

"अवं, काय करायलाव हे?"

"लगदा." त्यांनी मान वर केली नाही. "आत्ता भिजला तर पाडव्याला हाताशी यील. वैशाखात सोंग हाय."

"डोकं हुतं की चांगलं. कावून भिजवलं?"

आता त्यांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या चरवीकडे. आणि अदबीनं म्हणाले, "बाई, तेवढी मेथी दळून ठिवा. लगद्यात मेथी नसली की कीड लागती."

गेल्या दिवाळीपासून ती बाई झाली होती. त्याआधी काही महिने ती अक्का होती, म्हणजे त्यांची वारलेली थोरली बहीण. अक्का परवडली होती. अक्कावर ते रुसायचे तरी, ताटातली भाकरी सरकवून द्यायचे. बाईशी मात्र फार जपून बोलायचे. परक्या घरच्या बाईशी बोलावं तसं, नजर खाली ठेवून.

केसरबाईनं चरवी ठेवली, घमेल्यापाशी टेकली आणि तरंगणारा कान उचलून पदरानं टिपला. सगळ्या डोक्यातला तेवढा एक कान वाचला.

धारूरचा घाट उतरला की डाव्या हाताला आत वळणाऱ्या रस्त्यावर हे गाव. नरसिंहाचं देऊळ लहान, पण वैशाखातली चतुर्दशी मोठी. दिवेलागणीला, दिवस म्हणता येत नाही आणि रात्रही म्हणता येत नाही अशा वेळी, देवळापुढं बांबूचा आणि रंगीत कागदाचा खांब उभा असतो. तो फोडून नरसिंह बाहेर येतो. हे सोंग सुंदररावांच्या घरचं. चुलत्याच्या मागं ते त्यांच्याकडे आलं, आणि त्याबरोबर डोकं बनवायचं कामही आलं.

चुलत्याच्या काळी नुसता मुखवटा होता, तोंडाला बांधायचा. सुंदररावांनी हलतं डोकं केलं. पार मानेपर्यंत घालायचं. बांबूच्या कांब्यांचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, लगद्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या, आणि हे सगळं चिंचोक्याच्या खळीत. खालचा जबडा वेगळा केलेला, दोन्ही बाजूंना चपलेच्या कातड्याच्या बिजागऱ्या. जबड्याची वादी आतल्या माणसाच्या हनुवटीखालून जायची. माणसानं तोंड उघडलं की नरसिंहाचं तोंड उघडायचं आणि लाल कातड्याची जीभ लोंबायची. माणसानं मिटलं की सायकलच्या ट्यूबचं रबर जबड्याला वर ओढून घ्यायचं. डोळ्यांवर पत्र्याच्या पापण्या, त्यांची दोरी डाव्या मुठीत. पापणी अर्धी पाडून नरसिंह गर्दीवरनं नजर फिरवायचा तेव्हा लेकरं आयांच्या मांड्यांमागं जायची.

आणि आतल्या माणसाला बाहेरचं दिसायचं ते फक्त त्या उघड्या तोंडातून. जबडा मिटला की आत सगळा अंधार. "डरकाळी फोडल्याबिगर वाट दिसत न्हाई मला," असं सुंदरराव हसून सांगायचे. म्हणून ते पावलं मोजून चालत. खांबापासून देवळाच्या उंबऱ्यापर्यंत अकरा.

ते डोकं बाईमाणसानं रंगवावं, शिवावं, त्याची खळ शिजवावी, पण स्वतःच्या डोक्यात घालू नये, अशी रीत होती. केसरबाईनं ती कधी मोडली नाही. मोडावीशी वाटलीही नाही. तिचं त्या डोक्याशी नातं निराळंच होतं, आणि ते तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

सोंग संपलं की नरसिंहाला देवळाच्या पायरीवर बसवत. मग गावचा मानकरी पुढं होऊन विचारी, "घरी कोण हाय?" तीनदा विचारायचं. आतल्या माणसानं बायकोचं नाव घ्यायचं; लग्न व्हायचं असेल तर आईचं. नाव घेतलं म्हणजे देव गेला, माणूस माघारी आला. मगच डोकं उतरायचं, आणि जिचं नाव घेतलं तिनं त्याला गुळाचं पाणी द्यायचं.

त्या काळी नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. सुंदरराव तिला 'अगं' म्हणत, पोरगी झाल्यावर 'शिवकन्याची आई'. मळ्यातनं हाक मारायची झाली तरी 'ऐकलं का' एवढंच, आणि तेही असं की चार बायकांना वाटावं आपल्यालाच बोलावलं. नाव घ्यायचे ते फक्त त्या एका संध्याकाळी. 'केसर' म्हणायचे. नुसतं केसर.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. डोक्याच्या आतून घोगरा, घुसमटलेला आवाज आला, "केसर." तिच्या हातातला तांब्या हलला आणि पाणी पायावर सांडलं. शेजारणींनी महिनाभर छळलं. विहिरीवर, दळणाच्या रांगेत, जिथं दिसेल तिथं, "केसर म्हणं गं, केसर." तिनं वरवर राग धरला. एका वर्षी दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं, आठ दिवस अबोला होता. त्या वर्षी मानकऱ्यानं विचारलं तसं ते गप्पच बसले. दुसऱ्यांदा विचारलं तरी गप्प. तिसऱ्यांदा मात्र सगळ्या गावापुढं म्हणावंच लागलं, आणि म्हणताना आतल्या आत हसल्याचं तिला ऐकू आलं. पाणी देताना तिनं तांब्या जरा जोरानंच दातांवर टेकवला होता.

बेचाळीस वेळा तिनं ते नाव ऐकलं होतं. करोनाची दोन वर्षं सोडून. त्यातल्या पहिल्या वर्षी यात्रा बंद होती, तर सुंदररावांनी दिवेलागणीला घराच्या अंगणातच डोकं घातलं, खांब नाही, डफ नाही, अकरा पावलं चालून तुळशीपाशी बसले. बसून राहिले. विचारायला मानकरी नव्हता. केसरबाई दारात उभी होती. तिच्या ओठांवर आलं होतं, 'घरी कोण हाय?' पण बाईनं कसं विचारायचं, म्हणून ती उभीच राहिली. शेवटी त्यांनी स्वतःच डोकं उतरवून ठेवलं आणि म्हणाले, "लई उकडतंय." विचारलं असतं तर काय झालं असतं, असं तिला पुढं किती तरी वेळा वाटलं.

गेल्या साली त्यांचं विसरणं सुरू झालं होतं, तरी सोंग नीट झालं. फक्त नावाला वेळ लागला. तिसऱ्यांदा विचारल्यावर बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "केसर." लांबून कुठून तरी शोधून आणल्यासारखं. तिला तेवढं वर्षभर पुरलं.

आता तिला ते एकदा, अजून एकदाच, ऐकायचं होतं. यंदा. पुढच्या वर्षीचं तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

बबनराव यात्रेचे पुढारी. आजोबापासून मानकरीपण त्यांच्याकडे. घमेल्याची बातमी त्यांच्या कानावर गेलीच, आणि दुसऱ्या दिवशी ते उत्तरेश्वरला घेऊन आले. उत्तरेश्वर म्हणजे सुंदररावांचा पुतण्या, तिशीतला, फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. सुंदररावांच्या मागं सोंग त्याच्याकडेच जायचं होतं.

"वैनी, वाईट वाटून घेऊ नका," बबनराव म्हणाले. "पर आता तात्याला न्हाई जमायचं. डोकंबी गेलं. मी म्हणतो, पुण्याहून फायबरचं मागवू. डोळ्यात लाईट हाय. बटण दाबलं की डरकाळी."

"डरकाळी बटणातून निघणार, तर आत माणूस कशाला घालायचा?" केसरबाई म्हणाली. "बाजेवर ठिवून द्या बटण दाबून."

उत्तरेश्वर हसला. बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं तसा थांबला.

"मी बनविते डोकं," ती म्हणाली.

"तुमी?"

"खळ कोण शिजवत हुतं इतकी वर्सं? पट्ट्या कोण चिटकवत हुतं? पाडव्यानंतर महिना हाय हातात. एवढं साल त्यांना करू द्या. फुडच्या साली तुमचं बटण आणा."

बबनराव ओसरीवर बसलेल्या सुंदररावांकडे बघत राहिले. सुंदरराव वाखाचा गुंता सोडवत होते, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बबनराव लहानपणी त्याच नरसिंहाला भिऊन पळालेले.

"बरं," ते उठता उठता म्हणाले. "पर तिथं कायबी गडबड झाली, तर उत्तरेश्वर डोकं घालील. तिथल्या तिथं. गावाचं काम हाय, वैनी."

पाडव्याला शिवकन्या आली. ती बीडला सरकारी दवाखान्यात नर्स होती. दारातच तिला आई मडक्यावर चिखल थापताना दिसली. पालथं मडकं, त्यावर चिखलाचा थर, आणि बाजूला वडील शांत बसलेले, कपाळाभोवती सुतळी. केसरबाई सुतळीनं त्यांच्या डोक्याचं माप घ्यायची, ते मडक्याला लावायची, कमी पडलं की चिखल थापायची. असं सकाळपासून चाललं होतं.

"आई, काय चाललंय हे? डॉक्टर काय म्हणाले होते? गर्दी नको, गोंगाट नको, नवीन काही नको."

"हे नवीन न्हाई."

"त्यांना आता घरातली मोरी सापडत नाही आणि तू त्यांना हजार माणसांत उभं करणार? आणि तेही डोक्यावर ते ठेवून? गुदमरले तर?"

"नाकाला भोकं ठिवते मोठी."

शिवकन्या पायरीवर बसली. रागावली की ती बापासारखी खालचा ओठ चावायची. "मला एक सांग, तुला काय पाहिजे त्यातून? गावाला सोंग पाहिजे तर उत्तरेश्वर करेल. तुला काय पाहिजे?"

केसरबाईनं हातावरचा चिखल निपटला. अडुसष्टाव्या वर्षी पोटच्या लेकीला हे कसं सांगायचं. "गावाची रीत हाय," ती म्हणाली, आणि पाणी आणायला उठली.

चैत्र सगळा त्या कामात गेला. घमेल्यातला जुना लगदा तिनं फेकला नव्हता. त्यातच नवा कागद भिजवला, मेथी घातली, चिंचोके भाजून, फोलपटं काढून, दळून खळ शिजवली. खळीचा तो आंबूस वास घरभर झाला, आणि तिला वाटलं वासानं तरी त्यांना काही आठवेल. ते नुसते म्हणाले, "बाई, खाली लागंल. हालवा." मडक्यावर बांबूच्या कांब्यांचा सांगाडा बसवला आणि त्यावर थर चढत गेले. उन्हात वाळवायचं, पुन्हा पट्टी, पुन्हा ऊन. वाळल्यावर मडकं आतून हळूच फोडून काढलं. वाचलेला कान उजव्या बाजूला बसवला आणि त्याच्यासारखा दुसरा केला. दोन्ही सारखे झाले नाहीत. नवा जरा उभाच राहिला. आयाळीला वाख हळदीत आणि गेरूत बुडवून तिनं एकेक बट शिवली. पापण्यांचा पत्रा उत्तरेश्वरनं कापून दिला, दोरीच्या जागी मोटारसायकलच्या ब्रेकची तार घातली. "काकू, हिच्यावर गाडी थांबती, पापणी तर थांबंलच," तो म्हणाला.

अडलं ते जबड्यापाशी. बाहेरचं सगळं केसरबाईला पाठ होतं. कुठं किती जाड, कुठं पातळ, रंगाचा कितवा हात. पण आत तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आतलं काम सुंदररावांचं. ते डोकं मांडीत पालथं धरून करायचे आणि ती तेव्हा चुलीपाशी असायची. वादी हनुवटीखालून जाते एवढं ती जाणून होती. कुठनं येते आणि कुठं बांधतात, ते नाही. तिनं जबड्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ खाली घेतली आणि गाठ मारली.

उत्तरेश्वरनं डोकं घालून पाहिलं. आत काही तरी चाललेलं दिसत होतं, गळा हलत होता, पण जबडा जागचा हलेना.

"काय झालं?"

"काकू, मी जांभई दिली, खोकलो, तुमाला हाकबी मारली," आतून आवाज आला. "नरसिंह उपाशी हाय वाटतं. तोंडच उघडंना."

दोन दिवस तेच. वादी पुढं घेतली, मागं घेतली, दुहेरी केली. रबर सैल केलं तर जबडा लोंबतच राही. तिसऱ्या दिवशी दुपारी केसरबाई डोकं पुढ्यात घेऊन बसली होती. एवढ्यात शेजारी बसलेल्या सुंदररावांनी हात लांब करून ते तिच्याकडून काढून घेतलं. मांडीत पालथं घातलं. आत हात घालून वादी चाचपली.

"ही कोणी लावली?"

"मी."

"फुडून घेतली की हनुवट घसरती. कानामागून घ्यायची. कानामागून, मग खाली, मग गाठ टाळूवर. ताण टाळूला बसला पायजे, हनुवटीला न्हाई." बोलता बोलता त्यांनी नखानं गाठ सोडली. बोटांची वाट चुकत नव्हती. वादी कानामागून ओवली, टाळूवर आडवी कांबी होती तिला वेढा दिला, दातांनी ओढून गाठ आवळली. "रबर सैल सोडलंय कावून? चार बोटं कमी कर."

तिनं न बोलता चार बोटं रबर कमी केलं. तोंड उघडलं तर हे सगळं मोडेल अशी भीती तिला वाटली.

त्यांनी डोकं घातलं. जबडा उघडला, जीभ लोंबली, मिटला. पुन्हा उघडला. आतून त्यांचे डोळे तिला दिसले. मग डोकं काढून बाजूला ठेवलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चहा टाक जरा."

टाक, म्हणाले. टाका नाही. केसरबाईनं चहात साखर दोनदा घातली. ते चहा पिऊन झोपले, आणि उठल्यावर पुन्हा तिला बाई म्हणाले. पण तिनं मनाशी धरून ठेवलं. आत गेले की ते आहेत. आत कुठं तरी सगळं जागच्या जागी आहे, आणि जबडा उघडला की दिसतं. त्या संध्याकाळी तिनं बीडला फोन केला. म्हणाली, "ये तू चतुर्दशीला. तुझे तात्या बरे हायत." शिवकन्यानं रजेचा हिशेब केला. "येते," म्हणाली.

चतुर्दशीला ऊन उतरता उतरता देवळापुढं माणूस जमलं. चौसाळ्याकडनं, पालीकडनंसुद्धा पाहुणे आले होते. केसरबाईनं आपली जागा आधीच धरून ठेवली होती, पायरीच्या समोर, अगदी नीट समोर, म्हणजे बसल्यावर उघड्या तोंडातून दिसेल तर तीच दिसेल. हातात गुळाच्या पाण्याचा तांब्या. शेजारी शिवकन्या, तिच्या पर्समध्ये बापाच्या गोळ्या.

डफ सुरू झाला. हिरण्यकश्यपू झालेले मोहनराव गदा नाचवत खांबापुढं आले आणि खांबाला लाथ मारली. खांब हलला नाही. त्यांनी आणखी एक लाथ मारली. डफवाला तेच तेच वाजवत राहिला. गर्दीत कुजबूज झाली. खांबामागं उभ्या उत्तरेश्वरकडे बबनरावांनी मान वळवली.

"अगं बाई," मागून एक म्हातारी म्हणाली, "झोपला काय आत?"

आणि कागद फाटला. पिवळा पंजा आधी, मग आयाळ, मग ते डोकं. जबडा उघडला आणि डरकाळी आली. ती म्हाताऱ्या माणसाची डरकाळी होती, मध्ये चिरलेली, पण डरकाळी होती. पुढची लेकरं मागं कोसळली. नरसिंह एक पाऊल टाकायचा, थांबायचा, जबडा उघडायचा. केसरबाई ओठ न हलवता मोजत होती. अकराव्या पावलाला त्यांचा पाय उंबऱ्याला टेकला. मोहनरावांना त्यांनी मांडीवर ओढून घेतलं, पापण्या पडल्या, अर्ध्या उघडल्या, नजर सगळ्या गर्दीवरनं फिरली.

"केसरबाई," मागच्या शेजारणीनं तिच्या दंडाला धरलं, "जिवंत केलंस गं डोकं."

शिवकन्या रडत होती. आईच्या कानाशी म्हणाली, "माझं चुकलं, आई." केसरबाईनं ऐकलं नाही. तिचं ध्यान पायरीवर होतं.

नरसिंहाला बसवलं. मागून उत्तरेश्वरनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. डफ थांबला. बबनराव पुढं झाले, फेटा सारखा केला.

"घरी कोण हाय?"

जबडा उघडला. आत खोलवर त्यांचे डोळे दिसले, आणि ते तिच्याकडेच होते, तिच्यावरच. केसरबाईनं पदर जरा मागं सारला, चेहरा उघडा केला. जबडा मिटला. सगळे थांबले. पहिल्यांदा कधी कुणी लगेच सांगतं का, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"घरी कोण हाय?"

जबडा पुन्हा उघडला आणि या वेळी उघडाच राहिला. ते तिच्याकडे बघत होते. आतून श्वास ऐकू येत होता.

"घरी," ते म्हणाले. शब्द अगदी स्पष्ट होता. "घरी कोणी न्हाई."

बबनराव केसरबाईकडे बघायचं टाळून जमिनीकडे बघू लागले. असं आजवर कधी झालं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारावं की न विचारावं, हे त्यांना कळेना. विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर आलं तर डोकं उतरवायचं कसं.

उत्तरेश्वर खाली वाकला. नव्या कानाशी तोंड नेऊन हळू म्हणाला, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "तात्या, केसरबाई म्हणा."

"केसरबाई म्हणा," नरसिंह म्हणाला.

मागं एक पोरगा फिसकन हसला आणि कुणी तरी त्याला रट्टा घातला.

"घेतलं नाव," बबनराव घाईघाईनं म्हणाले. "घेतलं बरं का. उतरवा डोकं." डफवाल्याला खूण केली. डफ वाजायला लागला, माणसं हलली, कुणी नारळ फोडला. सगळ्यांना जरा बरं वाटलं.

केसरबाई तिथंच उभी होती. नाव त्यांच्याच तोंडून आलं होतं. बेचाळीस वेळांत एकदाही त्यांनी त्याला बाई लावली नव्हती.

"आई," शिवकन्या म्हणाली, "मी देऊ का पाणी?"

"नगं. माझं काम हाय."

ती पायरीपाशी गेली. डोकं उतरलं होतं. सुंदररावांचे विरळ केस घामानं कपाळाला चिकटले होते, हनुवटीखाली वादीचा लाल वळ उठला होता. तिनं तांब्या त्यांच्या ओठांना लावला. ते लहान घोटांनी प्याले, थांबून थांबून, सगळं संपेपर्यंत.

"लई ग्वाड हाय," ते म्हणाले. मग नजर खाली ठेवून, अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कोणाच्या घरच्या?"

नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. लग्नातला उखाणा सोडला तर कधीच नाही. रेशनकार्डासाठी सांगायची वेळ आली तेव्हाही तिनं शेजारणीला पुढं केलं होतं.

"सुंदररावांच्या," ती म्हणाली.

"सुंदरराव." त्यांनी ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं. "डोकं बनवतो, त्यो?"

"त्येच."

"भेटला तर सांगा त्याला. जबडा लई नामी जमलाय म्हणावं. आत बसल्याबिगर कळत न्हाई ते." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पांगणारी गर्दी, फाटलेला खांब, पायरीवर कलंडलेलं डोकं. "आला न्हाई का त्यो?"

"न्हाई आला अजून."

तिचा आवाज त्यांना कसा तरी वाटला असावा. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, परक्या बाईच्या दुःखाकडे भल्या माणसानं बघावं तसं.

"यील," ते म्हणाले. "सोंग उतरलं की घरीच येतो त्यो. दुसरीकडं कुठं जात न्हाई."

केसरबाईनं मान हलवली. मग रिकामा तांब्या मांडीवर धरून ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.